बोटींचे सेट आणि मोबाइल बोर्ड, दोन्हींसाठी बेंच पॉवर सप्लाय कोणता घ्यावा?

बंदरकाठ, हर्णै

नमस्कार मंडळी. दुरुस्तीच्या टेबलासाठी बेंच पॉवर सप्लाय, म्हणजे व्होल्टेज आणि करंटची मर्यादा हवी तशी लावता येणारा डीसी सप्लाय, घ्यायचा आहे. काम तीन तऱ्हेचं आहे. बोटींवरचे व्हीएचएफ सेट (बोलायचे रेडिओ), फिश फाइंडर आणि जीपीएस, मोबाइलचे बोर्ड, आणि इन्व्हर्टर कार्ड, एलईडी ड्रायव्हर, ईएसपी३२ (वायफायचं छोटं कंट्रोलर बोर्ड) वगैरे किरकोळ. १ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत बोटींचं सामान एकदम येतं, म्हणजे सगळ्यात जास्त काम ऐन पावसात.

बजेट १२ हजार, फार तर १५. तीन पर्याय समोर आहेत. एक, ३० व्होल्ट ५ अँपिअरचा नवा एसएमपीएस, म्हणजे वेगाने स्विच करून व्होल्टेज बनवणाऱ्या प्रकारचा. दोन, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा जुना, ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर. तीन, ६० व्होल्ट ६ अँपिअरचं डिजिटल बक मॉड्यूल घेऊन मागे जुना सर्व्हरचा सप्लाय जोडायचा.

लाइनची परिस्थिती अशी: दिवसा २१५ ते २३५ व्होल्ट, संध्याकाळी १८० पर्यंत उतरते, मध्यरात्रीनंतर २५०. लाइट गेली की स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. अर्थिंग केलेलं आहे, पण खाली सगळा कातळ. एकच सप्लाय सगळ्याला पुरेल का?


कातळमाथा, रत्नागिरी

३० व्होल्ट ५ अँपिअर हा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. तुमच्या कामाला किती लागतं ते आधी मांडू.

मोबाइल बोर्डला ४ व्होल्टच्या आसपास, शॉर्ट शोधताना २-३ अँपिअर. ईएसपी३२ला ३.३ व्होल्ट, वायफाय चालू होताना अर्ध्या अँपिअरपर्यंत झटके. लहान फिश फाइंडर आणि जीपीएस १२ व्होल्टवर एक-दोन अँपिअरच्या आत. इन्व्हर्टरचं कार्ड पहिल्यांदा चालू करताना १२ व्होल्ट २ अँपिअरची मर्यादा पुरते. म्हणजे जवळजवळ सगळं काम १५ व्होल्ट आणि ३ अँपिअरच्या आत बसतं.

बाहेर राहतो तो फक्त व्हीएचएफ. २५ वॅटचा मरीन सेट रिसीव्हला एका अँपिअरच्या आत असतो, पण पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की ५ ते ६ अँपिअर ओढतो. इथेच ५ अँपिअरचा सप्लाय फसवतो. तो करंट लिमिटमध्ये जातो, १३.८ व्होल्टचे १० होतात, सेट रीसेट होतो किंवा आवाज तुटतो, आणि दोष सेटच्या फायनल स्टेजवर (प्रक्षेपणाची ताकद देणाऱ्या शेवटच्या भागावर) येतो. चांगलं पॉवर मॉड्यूल उगाच बदललं जातं. त्यामुळे व्हीएचएफसाठी ५ अँपिअर घेऊन उपयोग नाही. ८ ते १० अँपिअर लागतात, आणि तेवढा स्वच्छ लिनिअर तुमच्या बजेटात नवा मिळणार नाही.

पण तुमच्याकडे बोटीच्या बॅटऱ्या आहेत. १२ व्होल्टची चार्ज केलेली लेड-ॲसिड बॅटरी ६ अँपिअर सहज देते, तिच्यात रिपल (डीसीवर उरलेली लहर) नाही, आणि बोटीवर सेटला तीच मिळणार आहे. बहुतेक मरीन सेट १३.८ व्होल्ट अधिक-उणे १५ टक्के, म्हणजे ११.७ ते १५.९ व्होल्टमध्ये चालायला बनवलेले असतात. बॅटरीचा धोका एकच: शॉर्ट झाला तर ती शेकडो अँपिअर सोडते. म्हणून क्रम असा ठेवा. सेट आधी बेंच सप्लायवर, १३.८ व्होल्ट आणि १ अँपिअरची मर्यादा. रिसीव्हला करंट नीट आहे, कुठे काही तापत नाही, हे पाहिलं की मग तोच सेट बॅटरीवर, प्लसच्या वायरमध्ये बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज घालून. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (प्रक्षेपण हवेत न सोडता पचवणारा रेझिस्टर), आणि चाचणीचं प्रक्षेपण चॅनल १६ वर (संकटाच्या हाकेच्या चॅनलवर) अजिबात नाही.

असं केलं की बेंच सप्लायवरचा भार उतरतो. मग ३० व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला लिनिअर पुरतो, आणि पैसे अँपिअरवर न जाता गुणवत्तेवर जातात.

लिनिअरच का? व्हीएचएफचा रिसीव्हर १५६ ते १६२ मेगाहर्ट्झवर मायक्रोव्होल्टच्या भागातला सिग्नल ऐकतो. स्वस्त एसएमपीएसचा स्विचिंग गोंगाट वायरींमधून तिथवर पोचतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं सर्किट) आपोआप उघडतो, संवेदनशीलता कमी वाटते, फिश फाइंडरच्या पडद्यावर ठिपके येतात. दोष उपकरणात आहे की सप्लायमध्ये, हे कळायला मार्ग राहत नाही. चांगल्या लिनिअरचा रिपल एक-दोन मिलिव्होल्ट असतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये ५०-१०० मिलिव्होल्टचे टोकदार काटे दिसतात.

आता १८० व्होल्टची गोष्ट, कारण लिनिअरला हीच बाधते. ढोबळ हिशेब करा. ३० व्होल्टच्या सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मरचं वरचं टॅप (वाइंडिंगमधून काढलेलं टोक) ३२ व्होल्ट एसी धरू. २३० वर रेक्टिफायरनंतर शिखर सुमारे ४३ व्होल्ट. फिल्टर कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा असेल तर ५ अँपिअर लोडला १०० हर्ट्झचा खळगा ४ ते ५ व्होल्टचा, म्हणजे तळ ३८ व्होल्टच्या जवळ. रेग्युलेटरला वर ३ व्होल्ट सोडले तरी ३० आरामात. हेच १८० वर केलं की शिखर ३३ आणि तळ २९. तेव्हा ३० व्होल्ट ५ अँपिअर मिळणार नाहीत. डिस्प्ले २८-२९ दाखवेल आणि आउटपुटवर १०० हर्ट्झचा गुरगुराट येईल. १२ व्होल्ट २ अँपिअरला मात्र त्याच लाइनवर सहसा काही होत नाही. जे सप्लाय रिलेने टॅप बदलतात, त्यांत टॅप बदलण्याच्या जरा खालच्या व्होल्टेजला हाच त्रास दिसू शकतो. विकत घेताना तेवढं तपासा. संध्याकाळी जड काम असेल तर ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर पुरेसा आहे, कारण असा सप्लाय पूर्ण लोडवरही ३०० व्हीएच्या आसपास ओढतो.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लिनिअर लावू नका. साइन वेव्हच्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ असतं; सरळ चौकोनी वेव्हचं शिखर २३०च. रेक्टिफायर शिखर पकडतो, त्यामुळे आतलं व्होल्टेज तीस टक्क्यांनी उतरतं, आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणत तापतो तो वेगळाच.


माडबन७२३, वेंगुर्ले

वरच्या उत्तराशी बऱ्याच अंशी सहमत, पण एसएमपीएसला सरसकट बाद करू नका. इन्व्हर्टर कार्ड, एलईडी पट्ट्या, मोटर, रिले यांना ५० मिलिव्होल्ट रिपलने काही फरक पडत नाही. सप्लाय हलका असतो, कमी तापतो. दोन गोष्टी बघा. पाठीमागे ११०/२२० चा खटका असेल तर तो २२० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी पाहा. ११० वर राहिला तर २३० व्होल्टला आतले कपॅसिटर फुटतात. आणि इनपुटची हद्द छापील वाचा. ‘२२० अधिक-उणे १० टक्के’ असेल तर तुमची १८० ची संध्याकाळ आणि २५० ची मध्यरात्र दोन्ही हद्दीबाहेर.

कुठलाही घ्या, या तीन गोष्टींशिवाय घेऊ नका. आउटपुट चालू-बंद करायचं वेगळं बटण. करंटचा डिस्प्ले १ मिलिअँपिअरचा. स्वस्त मीटर १० मिलिअँपिअरच्या पायरीने मोजतात, मोबाइलची ८ मिलिअँपिअरची गळती त्यांच्यावर ०.०० किंवा फार तर ०.०१ दिसते. आणि करंट मर्यादा आउटपुट शॉर्ट न करता आधी पाहता-ठरवता येणं.

आउटपुट बटणाचं महत्त्व यासाठी की करंट लिमिट ही रेग्युलेटरची मर्यादा आहे, आउटपुटवर बसलेल्या कपॅसिटरची नाही. टर्मिनलला समांतर ४७० मायक्रोफॅरड असेल आणि सप्लाय ३० व्होल्टवर असेल तर त्यात ०.२१ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. मर्यादा २० मिलिअँपिअरवर लावलेली असू दे, एलईडी टेकवली की कपॅसिटर आधी तिच्यात रिकामा होतो, मर्यादा नंतर जागी होते. एलईडी तोवर गेलेली असते. म्हणून आउटपुट बंद, व्होल्टेज आणि मर्यादा लावा, जोडा, मग आउटपुट चालू. काढतानाही आधी बंद.


बंदरकाठ, हर्णै

बॅटरीची कल्पना पटली. मग जुना लिनिअर घ्यायचा विचार करतो. ठाण्याच्या ॲपलॅबचे जुने सप्लाय बाजारात दिसतात, कॉलेजांच्या लॅबमधून निघालेले. जुना घेताना दुकानात उभं राहून काय तपासायचं? आणि बक मॉड्यूलच्या पर्यायाबद्दल कुणी बोललं नाही.


एलएम३१७, चिपळूण

बक मॉड्यूलबद्दल आधी, कारण ते लवकर आटपतं. ते निव्वळ बक आहे, म्हणजे मागून जेवढं येतं त्यापेक्षा जास्त देऊ शकत नाही. इनपुट आउटपुटच्या दहा टक्के तरी वर लागतं. मागे १२ व्होल्टचा सर्व्हर सप्लाय लावला तर हाती १०-११ व्होल्ट. शिवाय सर्व्हर सप्लायचा मायनस आतून त्याच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडलेला असतो. मग तुमचं आउटपुट तरंगतं राहत नाही. स्कोपची जमिनीची क्लिप प्लसच्या बाजूला कुठेही लागली की सरळ शॉर्ट. मॉड्यूल वापरायचंच तर मागे आयसोलेटेड ४८ व्होल्टचा चांगला सप्लाय हवा. गोंगाट राहतोच, म्हणून व्हीएचएफसाठी नाही.

आता जुन्या लिनिअरची तपासणी. सोबत न्या: मल्टिमीटर, १२ व्होल्टचा एच४ हेडलाइट बल्ब, जाड वायरीचे दोन तुकडे, एक १एन४१४८ डायोड आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर.

प्लग लावण्याआधी प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडीच्या स्क्रूपर्यंत अवरोध मोजा, मल्टिमीटरच्या वायरींचा वजा करून अर्ध्या ओहमच्या आत हवा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर आत आधी काहीतरी जळलेलं आहे असं समजा.

चालू करून व्होल्टेजचा नॉब शून्यावर आणा. आउटपुट शून्याजवळ आलं पाहिजे. शून्यावरही ४० व्होल्ट दिसत असतील तर सिरीज पास ट्रान्झिस्टर (आउटपुटचा सगळा करंट ज्यातून जातो तो) शॉर्ट आहे. जुन्या सेटमध्ये हे २एन३०५५ असतात, मिळतात आणि बदलता येतात, पण किंमत त्या हिशेबाने ठरवा. मग नॉब अगदी हळू शून्यापासून टोकापर्यंत फिरवा. मध्ये कुठे आकडा उडी मारत असेल तर नॉबमागचा पोटेंशिओमीटर (पॉट) खराब. इकडच्या खाऱ्या हवेत हा दोष सगळ्यात जास्त येतो, आणि सगळ्यात धोक्याचाही हाच आहे. साध्या सर्किटमध्ये, एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीच्या नेहमीच्या जोडणीत धरा, पॉटचा वायपर क्षणभर सुटला की फीडबॅकचा अवरोध वाढतो आणि आउटपुट एकदम वर जातं. ३.३ वर चाललेल्या बोर्डला क्षणभर ३० व्होल्ट मिळाले तर पुढे बोलायलाच नको. पॉट नवा टाका, दर्जेदार, दहा फेऱ्यांचा असेल तर उत्तम. नुसता स्प्रे मारून भागवू नका.

पुढे करंट. मर्यादा १ अँपिअरवर, आउटपुट जाड वायरने शॉर्ट, मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत. दोन्ही आकड्यांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. मग हेडलाइटचा बल्ब. त्याचा ५५/६० वॅटचा फिलॅमेंट १२ व्होल्टला साडेचार-पाच अँपिअर घेतो, पण थंड असताना त्याच्या कितीतरी पट ओढतो. त्यामुळे आउटपुट देताच सीसीचा (करंट मर्यादेचा) दिवा लागून, फिलॅमेंट तापल्यावर सप्लाय सीव्हीवर (लावलेल्या व्होल्टेजवर) परत आला पाहिजे. ३ अँपिअरचा सप्लाय असेल तर तो सीसीमध्येच राहील, ते बरोबरच आहे. हा लोड अर्धा तास ठेवा. पंखा लागतो का, ट्रान्सफॉर्मरला वार्निश जळल्याचा वास येतो का, हे तेवढ्या वेळात कळतं.

लोड असतानाच मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावा, पण सप्लाय सीव्हीवर असू द्या. लागल्यास व्होल्टेज कमी करा. चांगल्या लिनिअरला काही मिलिव्होल्टच दिसतील. लोडसोबत आकडा ५०-१०० च्या वर चढत गेला तर फिल्टर कपॅसिटर वाळलेले आहेत. वीस वर्षांच्या सप्लायमध्ये ते तसेही बदलायचेच, हे पैसे बाजूला धरा. मूळ मूल्याचे किंवा थोडे मोठे, १०५ अंशांचे, व्होल्टेजचं रेटिंग मूळापेक्षा कमी नको. तुमची लाइन २५० पर्यंत जाते म्हणून एक पायरी वरचं रेटिंग घेतलेलं बरं. एसएमपीएसला मात्र ही मल्टिमीटरची चाचणी लागू नाही. मीटर तेवढी वरची फ्रिक्वेन्सी पाहतच नाही, तिथे स्कोप हवा.

डायोड-कपॅसिटर कशासाठी तेही सांगतो. काही सप्लाय मेन्स चालू किंवा बंद करताना आउटपुटवर क्षणभर उसळी मारतात. मल्टिमीटरला ती दिसत नाही. डायोडचा ॲनोड सप्लायच्या प्लसला, कॅथोडला कपॅसिटर, कपॅसिटरचं दुसरं टोक मायनसला, आणि कपॅसिटरवर मल्टिमीटर. हा शिखर धरून ठेवणारा साधा जुगाड झाला. सप्लाय ५ व्होल्टवर ठेवा. मीटर साडेचारच्या आसपास स्थिर होईल. आता मेन्सचा खटका बंद करा, दहा सेकंदांनी चालू करा, चारपाच वेळा. आकडा साडेचारच्या वर चढताच कामा नये. ६-७ दिसले तर तो सप्लाय सोडून द्या. मीटरच्या १० मेगाओहममधून कपॅसिटर १० सेकंदांत बराचसा उतरतो, म्हणून खटका दाबतानाच मीटरकडे लक्ष हवं. लाइट वारंवार जाते अशा गावात ही चाचणी रिपलपेक्षा महत्त्वाची. नव्या डिजिटल सप्लायपैकी बरेचसे चालू झाल्यावर आउटपुट बंद ठेवून उठतात; ते आपल्याकडे फार उपयोगाचं.

नवाच घ्यावा असं वाटलं तर कोराड केए३००५डी हा ३० व्होल्ट ५ अँपिअरचा लिनिअर आहे, रिलेने टॅप बदलणारा, १० मिलिव्होल्ट आणि १ मिलिअँपिअरच्या पायऱ्यांचा. रायगोल डीपी८३२ मध्ये ३० व्होल्ट ३ अँपिअरचे दोन आणि ५ व्होल्ट ३ अँपिअरचा एक असे तीन चॅनल मिळतात, पण तो तुमच्या बजेटच्या बराच वर जातो.


कातळमाथा, रत्नागिरी

अर्थिंगचा मुद्दा राहिला होता. सप्लायवर तीन टर्मिनल असतात: लाल प्लस, काळं मायनस, हिरवं अर्थ. हिरवं म्हणजे मायनस नव्हे. ते फक्त बॉडीला आणि मेन्सच्या अर्थला जोडलेलं असतं, आणि लाल-काळं त्यापासून वेगळं तरंगतं. लोड लाल आणि हिरव्याच्या मध्ये लावला तर काहीच चालत नाही. काळं आणि हिरवं जोडणारी पत्र्याची पट्टी लावायची की नाही हे कामावर ठरवा. बहुतेक वेळा न जोडलेली बरी.

जांभ्याच्या कातळात पाणी टिकत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्याचा अवरोध पावसात चांगला आणि एप्रिल-मेमध्ये वाईट. अर्थ नावापुरतंच असेल तर एसएमपीएसची बॉडी, आणि ज्यात आउटपुट आतून वाय कपॅसिटरने (गोंगाट गाळणाऱ्या लहान कपॅसिटरने) जोडलेलं असतं त्याचं आउटपुटही, अर्थच्या तुलनेत ११५ व्होल्टवर जाऊन बसतं. फेज आणि न्यूट्रल दोघांकडून बॉडीला एकेक कपॅसिटर असतो, त्यामुळे बरोबर मधलं व्होल्टेज. २.२ नॅनोफॅरडचे दोन असतील तर करंट ०.१६ मिलिअँपिअरच वाहतो. माणसाला झिणझिण्या येतात, पण एखाद्या मॉस्फेटच्या गेटला किंवा रिसीव्हरच्या फ्रंट एंडला एवढं पुरतं. अर्थ असलेली सोल्डरिंग आयर्न त्या बोर्डला टेकली की काम झालं.

उपाय: खड्डा कातळावर न घेता आगरात घ्या, माडाच्या अळ्याजवळ किंवा न्हाणीचं पाणी जातं तिथे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मे महिन्यात मोजून घ्या. ५ ओहमच्या आत आला तर छान. टेबलाच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवाच. मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच दिसले म्हणजे अर्थ चांगला असं समजू नका. मीटर करंट ओढतच नाही, त्याला वाईट अर्थही चालतो.


बंदरकाठ, हर्णै

खूप उपयोगाचं. दोन गोष्टी राहिल्या. मोबाइल बोर्डवर शॉर्ट शोधताना नेमके किती व्होल्ट लावायचे? आणि मोकळ्या वेळात याच सप्लायने बोटीची बॅटरी चार्ज केली तर चालेल का?


माडबन७२३, वेंगुर्ले

मोबाइल. बॅटरी कनेक्टरवर ४ व्होल्ट देऊन, पॉवर बटण न दाबता करंट बघा. जवळजवळ शून्य हवा. २०-३० मिलिअँपिअर दिसले तर मुख्य लाइनवर गळती. लगेच मर्यादेला गेला तर पूर्ण शॉर्ट. बटण दाबूनही काही हललं नाही तर लगेच बोर्ड मेला असं ठरवू नका. बऱ्याच फोनना बॅटरीची आयडी पिन किंवा थर्मिस्टरचा अवरोध मिळाल्याशिवाय चालूच व्हायचं नसतं. त्या मॉडेलची कनेक्टर पट्टी वापरा.

शॉर्ट शोधताना १ व्होल्ट आणि १ अँपिअरपासून सुरुवात, मग मर्यादा २-३ अँपिअरपर्यंत वाढवा, व्होल्टेज नाही. नियम कडक आहे: ज्या लाइनवर देता तिच्या मूळ व्होल्टेजच्या वर जायचं नाही. प्रोसेसरच्या १.१ व्होल्टच्या लाइनवर ०.८च्या वर नको. त्यातही प्रोसेसरच्या लाइनचा अवरोध चांगल्या बोर्डवरही काही ओहमच असतो, त्याला शॉर्ट समजून करंट ढकलला तर चांगला प्रोसेसर जातो. शक्यतो सारख्याच चांगल्या बोर्डशी ताडून पाहा. शॉर्ट ०.०५ ओहमचा असेल तर ३ अँपिअरला तिथे ०.४५ वॅट उष्णता होते. आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) हलका थर मारला की तो जिथे आधी सुकतो तिथे तो कपॅसिटर. बोट लावून शोधू नका.

इथे वायरी आड येतात. सोबत मिळणाऱ्या वायरी बारीक असतात. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा अवरोध मीटरला ३९ मिलिओहम. एक मीटरच्या जोडीत जाऊन-येऊन ७८, ५ अँपिअरला ०.३९ व्होल्ट वाटेतच गेले. डिस्प्ले टर्मिनलवरचे ४.० दाखवतो, बोर्डवर ३.६ पोचतात आणि फोन अर्धा चालू होऊन बंद पडतो. २.५ चौरस मिलिमीटरची लवचिक वायर घ्या, मीटरला ८ मिलिओहम, तीच घट ०.०८ व्होल्टवर येते. मोबाइलसाठी लांबी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नको. क्लिप नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, त्या उघडून सोल्डर करा. क्लिपच्या आत हिरवा गंज धरला की तिथेच ०.२ व्होल्ट जातात, आणि ते व्होल्टेज दर हालचालीला बदलतं.

बॅटरी चार्जिंग. चालतं, पण डायोडशिवाय नाही. चार्जिंग चालू असताना लाइट गेली की बॅटरी उलटी सप्लायमध्ये करंट सोडते. काही सप्लायमध्ये रेग्युलेटरचा आतला भाग यानेच जातो. प्लसमध्ये एसबी५६० सारखा ५ अँपिअरचा शॉट्की डायोड घाला, ३ अँपिअरपर्यंत वापरा आणि त्याला हवा लागू द्या. डायोडवर सुमारे अर्धा व्होल्ट पडतो, म्हणून व्होल्टेज बॅटरीच्या टर्मिनलवर मोजून लावा: १४.४ पर्यंत चार्ज, नंतर १३.६ ते १३.८ वर ठेवायची. सोबत ५ अँपिअरचा फ्यूज. बॅटरी उलटी जोडली गेली तर सप्लायच्या आउटपुटवरचा संरक्षक डायोड सगळा करंट अंगावर घेतो. तेव्हा फ्यूजच वाचवतो. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ३ अँपिअर म्हणजे दीड दिवस, तेव्हा घाईच्या कामाला नेहमीचा चार्जरच लावा.


एलएम३१७, चिपळूण

पावसाळ्याबद्दल थोडं, कारण तुमचं काम तेव्हाच आहे.

खाऱ्या हवेत मीठ सर्किटच्या पट्टीवर (पीसीबीवर) बसतं, दमटपणात ते ओलं होतं आणि हाय इम्पिडन्सच्या जागी गळती सुरू होते. सप्लायमध्ये या जागा म्हणजे फीडबॅकचे रेझिस्टर आणि पॉट. सकाळी सप्लाय चालू केल्यावर व्होल्टेज ५.०० ऐवजी ५.०८ दाखवून अर्ध्या तासात सरळ होत असेल तर हाच प्रकार. वर्षातून एकदा, मेअखेरीस, प्लग काढून, फिल्टर कपॅसिटर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करून, पट्टी आयपीए आणि ब्रशने धुवा. पूर्ण सुकल्यावर ॲक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या पातळ थराचा) हलका हात. पॉट, रिले, कनेक्टर आणि हीटसिंकवर कोटिंग जाऊ देऊ नका, आधी टेप लावा.

पंख्याचा सप्लाय मीठ आत ओढतो. कमी लोडला पंखा बंद ठेवणारा मिळाला तर तो घ्या. हवेच्या खाचांना आतून बारीक स्टीलची जाळी लावा. पाली आणि मुंग्या उबेला आत शिरतात, आणि रेक्टिफायरच्या पायांमध्ये पाल अडकली की ब्रिज आणि फ्यूज दोन्ही जातात. जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा, नाहीतर हवाच बंद होईल.

काम नसलं तरी जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तासभर सप्लाय चालू ठेवा, १२ व्होल्टला एखादा बल्ब लावून. आतला ट्रान्सफॉर्मर तापला की ओल निघते. क्लिप, बनाना प्लग, मीटरच्या वायरी बंद कपाटात झिरोच्या बल्बसोबत ठेवल्या तर हिरव्या पडत नाहीत. एलईडीवाला झिरो चालणार नाही, तो तापतच नाही.

विजा मेमध्ये आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये जास्त. गडगडाट ऐकू आला की खटका बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवा. बोटीच्या सेटला छपरावरच्या अँटेनाची केबल लावली असेल तर तीही काढा.


बंदरकाठ, हर्णै

ठरलं. ३० व्होल्ट ३ अँपिअरचा जुना लिनिअर, पॉट आणि फिल्टर कपॅसिटर बदलण्याचे पैसे धरून. व्हीएचएफसाठी बॅटरी, १० अँपिअर फ्यूज आणि ५० ओहमचा डमी लोड. २.५ च्या वायरी, आरसीसीबी, ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर. एकच शंका: स्टॅबिलायझर रिलेवाला आहे, तो पायरी बदलताना बोर्डला झटका बसेल का?


कातळमाथा, रत्नागिरी

रिले पायरी बदलताना काही मिलिसेकंद लाइन तुटते. १०,००० मायक्रोफॅरडवर ३ अँपिअर चालू असतील तर १० मिलिसेकंदांत आतलं व्होल्टेज ३ व्होल्टने उतरतं. १५ व्होल्टच्या खाली काम असेल तर रेग्युलेटरला ते सहसा जाणवत नाही. २८-३० वर पूर्ण लोड असेल तर जाणवू शकतं. एकदा तपासून घ्या: हेडलाइटचा बल्ब सीव्हीवर लावून संध्याकाळी स्टॅबिलायझर ‘टक्’ करतो तेव्हा प्रकाश लवतो का ते पाहा. लवला तर फिल्टर कपॅसिटर बदलताना पुढच्या मूल्याचे बसवा, पण दुपटीच्या वर नको, नाहीतर चालू करतानाच्या झटक्याने ब्रिज रेक्टिफायर आणि मेन्सचा फ्यूज त्रास देतील.